नाताळचं ताट आणि नाताळचा कागद



आगमनकाळाचा तिसरा आठवडा सुरू झालाय, म्हणजे नाताळ दहा-बारा दिवसांवर आलाय. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, गिरीज, निर्मळ, नंदाखाल, आगाशीकडे सध्या संध्याकाळी गेलात तर कुणाच्या तरी ओटीवर पोरं बांबूच्या कामट्या तासत बसलेली दिसतील आणि मागच्या दारी तळणाचा वास असेल. ही तयारी मी लहानपणापासून बघत आलेय, त्यामुळे तिचं कौतुक करत बसणं सोपं आहे. पण मला आज बोलायचंय ते तिच्यात मागून येऊन सामील झालेल्या एका पाहुण्याविषयी. भेटवस्तूवरचा तो चकचकीत, लाल-सोनेरी कागद. दुकानातून आणायचा, कात्रीने बेतायचा, टेपने डकवायचा आणि पंचवीस तारखेला सकाळी एका झटक्यात टराटरा फाडायचा. सव्वीस तारखेला तो घंटागाडीत.

आता कुणी म्हणेल, सण आहे, तेवढी हौस चालायचीच. हौसेला माझी ना नाही. फक्त हा कागद म्हणजे नाताळची काही पुरातन प्रथा आहे, असा आपला समज असतो, तो तेवढा दुरुस्त करते. अमेरिकेत कॅन्सस सिटी नावाचं शहर आहे. तिथे हॉल बंधूंचं शुभेच्छापत्रांचं दुकान होतं. त्या काळी भेटवस्तू साध्या पातळ टिश्यू कागदात गुंडाळत, पांढऱ्या, लाल नाहीतर हिरव्या. 1917 च्या नाताळात दुकानातला हा कागद संपला. गिऱ्हाईक तर दारात उभं. तेव्हा एका भावाने लिफाफ्यांना आतून अस्तर लावायचे नक्षीदार फ्रेंच कागद बाहेर काढले आणि दहा सेंटला एक असे मांडले. ते हातोहात खपले. पुढच्या वर्षी पुन्हा खपले. मग त्यांनी स्वतःच तसा कागद छापायला घेतला. पुढे हॉलमार्क म्हणून नावाजलेली कंपनी ती हीच. म्हणजे टंचाईत अस्तराचा कागद वापरून वेळ मारून नेली, तिची शंभर वर्षांत रीत झाली. चिकटपट्टी तर त्याहूनही उशिरा, 1930 मध्ये आली. तोवर पुडकं दोऱ्यानेच बांधत.

आपल्याकडे तेव्हा काय होतं? ताट होतं.

नाताळचा फराळ घरात करायचा आणि ताटं भरून शेजारीपाजारी पाठवायची, ही वसईची, मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावठाणांची आणि गोव्याची समाईक रीत आहे. गोव्यात या फराळाला कुसवार म्हणतात आणि तो वाटण्याला कोन्सुआद. ताटात कुलकुल असतात, करंज्या असतात, गोव्यात त्याच नेवऱ्या, शिवाय काळाभोर दोदोल, कुठे खजुराच्या वड्या, कुठे दुधाच्या. वरून क्रोशाने विणलेला रुमाल. हिंदू शेजाऱ्यांकडून दिवाळीत फराळाचं ताट आलेलं असतं, गोव्यात चवथीला नेवऱ्या आलेल्या असतात, त्याची ही परतफेड. आणि ताट रिकामं परत करायचं नाही, हा नियम दोन्हीकडचा. घरात काहीच नसेल तर मूठभर साखर तरी त्यात जाते.

या व्यवहारात वेष्टन कुठे आहे, बघा. ताट आणि रुमाल. दोन्ही धुऊन परत येतात. पर्यावरण हा शब्द आमच्या आज्यांनी कधी उच्चारला नसेल, पण त्यांच्या नाताळात फेकायला काही उरत नव्हतं, हे मात्र खरं.

कुलकुल ज्यांनी केले नसतील त्यांच्यासाठी थोडं सांगते. मैदा आणि थोडा रवा, तुपाचं मोहन, अंडं, चिमूटभर मीठ, आणि पीठ भिजवायचं नारळाच्या दाट रसात. पीठ घट्ट हवं. मग सुपारीएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर नाहीतर नव्याकोऱ्या फणीवर अंगठ्याने दाबून पसरवायची आणि एका टोकाकडून अलगद गुंडाळत न्यायची. अंगावर रेघा उमटलेली छोटीशी शंखी तयार होते. कड नीट दाबली नाही तर तेलात पडल्यावर ती उलगडते. तळून झाले की साखरेच्या पाकात घोळायचे, म्हणजे वरून पांढरी खडी बसते. एकट्याने करायचं हे कामच नाही. दोन किलो पिठाचे कुलकुल एकटी वळायला बसली तर मध्यरात्रीची मिस्सा चुकेल. म्हणून चटई अंथरतात आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळे गोल बसतात. निदान बसायला हवं.

इथे जरा थांबते. कारण घरी केलेल्या भेटींचे गोडवे गाताना एक गोष्ट हमखास गाळली जाते. ‘सगळं घरीच करू या’ असा ठराव घरात एकमताने पास होतो आणि मग राबतं कोण? घरची बाईच. ती आधीच नोकरी करून, लोकलने लोंबकळत आलेली असते. तिने उभं राहून दोन-दोन तास दोदोल घोटायचा आणि बाकीच्यांनी तो पर्यावरणस्नेही आहे म्हणून कौतुकाने खायचा, हा नाताळ मला मंजूर नाही. घरातल्या पुरुषांना फणी वापरता येते. भांग पाडताना वापरतातच की. तीच कला कुलकुलाला चालते, फक्त फणी नवी घ्या. आणि माणसं नसतील, वेळ नसेल, तर गावातल्या एखाद्या मावशीकडून, बचत गटाकडून फराळ घ्यावा, आपले स्टीलचे डबे घेऊन जावं. त्यात काही कमीपणा नाही.

खाण्याचंच द्यायला हवं असंही नाही. ईस्ट इंडियन घरांतला बॉटल मसाला तुम्हाला ठाऊक असेल. वीसहून अधिक जिन्नस उन्हात वाळवून, भाजून, कुटून उन्हाळ्यात तो करतात आणि भरतात कशात, तर बिअरच्या रिकाम्या तपकिरी बाटल्यांत. काठीने ठासून, हवा राहणार नाही असा. गडद काचेतून उजेड आत जात नाही, म्हणून रंग आणि वास टिकतो. नावातच बाटली असलेल्या या मसाल्याची बाटली कधी विकत आणलेली नसते. अशी एक बाटली, गळ्याला सुतळी, आणि सोबत आजीच्या हातच्या एखाद्या कालवणाची कृती कुणी आपल्या अक्षरात लिहून दिली, तर दुकानातल्या कुठल्या टोपलीची तिच्याशी बरोबरी व्हायची? मोगऱ्याची छाट कलम लागून तयार असेल तर ती द्या, नारळाच्या करवंटीत. मुलांना त्यांच्या उसवलेल्या आवडत्या बाहुलीला नवा झगा शिवून द्या. मात्र बाजारात ‘ईको-फ्रेंडली गिफ्ट हॅम्पर’ म्हणून जे मिळतं, तागाच्या पिशवीत बांबूचा ब्रश आणि त्याभोवती पुन्हा प्लॅस्टिकची पारदर्शक झिल्ली, त्याच्या नादी लागू नका. घरात धड ब्रश असताना बांबूचा आणणं ही खरेदीच झाली.

आता कागदाकडे वळू. मुलांना पुडकं उघडण्याची गंमत हवी असते आणि ती हिरावून घ्यायचं मला कारण दिसत नाही. फक्त ते गुंडाळायचं कशात?

वसईने या प्रश्नाचं एक उत्तर केव्हाच देऊन ठेवलंय. आगाशीकडची सुकेळी पाहिली आहेत? राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, ती मधासारखी तांबूस झाली की केळीच्याच सुक्या पानात गुंडाळून सोपटाने करकचून बांधतात. फळ केळीचं, कागद केळीचा, दोरा केळीचा. खाऊन झालं की सगळं पुन्हा केळीच्याच बुंध्याशी. आमच्या वाड्यांमधून फुलांच्या जुड्या बाजारात जातात, त्याही सोपटाने बांधलेल्या. आदल्या रात्री सोपट भिजवून ठेवायचं, म्हणजे गाठ मारताना तुटत नाही. ज्यांच्या घरामागे केळ नाही त्यांनी सुतळी घ्यावी.

आणि कापड. आपल्या घराघरांतून ओटीचे ब्लाउजपीस फिरत असतात. एकेक तुकडा सहा-सहा घरं हिंडून आलेला असतो आणि शिवला मात्र कुणीच नाही. पुनर्वापराची ही एवढी यशस्वी योजना कुठल्या सरकारला जमलेली नाही. त्याचाच चौकोन करून मधे डबा ठेवा, समोरासमोरची टोकं गाठवा. टेप लागत नाही, कात्री लागत नाही. जपानमध्ये अशा चौकोनी कापडाला फुरोशिकी म्हणतात आणि 2006 मध्ये तिथल्या पर्यावरणमंत्र्यांनी, युरिको कोइके यांनी, ते लोकांनी पुन्हा वापरावं म्हणून खास मोहीम काढली होती. आपल्याला मोहिमेची गरज नाही, कपाटाचा खालचा खण उघडला की झालं.

कागदच हवा असेल तर गेल्या वर्षीचा काढा. आमच्या शेजारच्या एक काकू भेट उघडताना सगळ्यांवर डोळे वटारत, कागद फाटला की ओरडत. मग कडेची टेप नखाने सोडवून, पाठच्या बाजूने कोमट इस्त्री फिरवून तो गादीखाली ठेवत. आम्ही हसायचो. त्या काकूंचं बरोबर होतं. मोठा कागद पुढच्या वर्षी मधल्या पुडक्याला, त्याच्या पुढच्या वर्षी लहानाला. जुन्या कॅलेंडरची पानं तर अतिशय उत्तम, जाड आणि पाठीमागून कोरी. वर्तमानपत्रही छान दिसतं, पण खाण्याच्या वस्तूला ते थेट लावू नका. छपाईची शाई पोटात जाते आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याला मनाई केलेली आहे. आत केळीचं पान नाहीतर डबा असू द्या.

कुठला कागद रद्दीत चालतो, हे ओळखायची एक युक्ती आहे. तो मुठीत घट्ट चुरगळा आणि मूठ उघडा. बोळा तसाच राहिला तर कागद. स्वतःहून फुलून पसरला तर त्यात प्लॅस्टिकचा पापुद्रा आहे, तो रद्दीवाल्याच्या कामाचा नाही. चमकी लावलेला कागदही नाही, कारण बाजारातली बहुतेक चमकी म्हणजे प्लॅस्टिकचाच भुगा. युरोपीय संघाने ऑक्टोबर 2023 पासून अशा सुट्या चमकीवर बंधनं आणलीत. आपल्या घरात ती जानेवारीपर्यंत पायाला चिकटते आणि लादी पुसली की मोरीतून खाडीत जाते.

गव्हाणीबद्दलही बोलायला हवं. इसवी सन 1223 मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेचो गावी नाताळच्या रात्री पहिला देखावा मांडला, असं मानतात. त्यात होतं काय? गवत, एक बैल आणि एक गाढव. आज आपण बेथलेहेमचे डोंगर थर्मोकोलचे करतो. देशभरात 1 जुलै 2022 पासून सजावटीच्या थर्मोकोलला बंदी आहे. मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायची पातळ प्लॅस्टिक फिल्मही त्याच यादीत आहे. दुकानात दोन्ही मिळतात, ही गोष्ट वेगळी. डोंगराला गोणपाट मातीच्या राडीत बुडवून पसरलं तर वाळल्यावर जो सुरकुतलेला खडकाळपणा येतो, तो थर्मोकोलला सात जन्मांत येणार नाही. छपराला पेंढा. आणि शेताला खरीखुरी हिरवळ.

नाताळच्या झाडासाठी मात्र किनाऱ्यावरच्या सुरूला हात लावू नका. डिसेंबरात भुईगाव, राजोडीकडे कोयते घेऊन जाणारे दिसतात. ती बनं वारा आणि वाळू अडवायला उभी आहेत. तुमच्याकडे माळ्यावर प्लॅस्टिकचं झाड असेल, तर तेच खाली काढा आणि मोडेपर्यंत वापरा. झालेल्या खरेदीवर निदान वर्षं तरी चढवा. नाहीतर कुंडीतलं कुठलंही झाड सजवा. लिंबाच्या रोपाला कागदी तारे लटकवलेले मी पाहिलेत, आणि झोकात दिसत होते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये पृथ्वीविषयी ‘लाउदातो सी’ हे परिपत्र लिहिलं. एवढ्या मोठ्या दस्तऐवजात त्यांनी वस्तू लगेच फेकून न देता पुन्हा वापरण्यासारखी किरकोळ कामंही नोंदवली आहेत. पण वसईकरांना हे ऐकायला रोमपर्यंत जावं लागलं नव्हतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याच्या कितीतरी आधी हरित वसईच्या चळवळीत उतरले होते, तिथल्या विहिरी आणि वाड्या वाचाव्यात म्हणून. त्यांच्या गावात नाताळच्या दुसऱ्या दिवशी कचऱ्याचे ढीग लागावेत, हे मला तरी पटत नाही.

बरं, हिरवळीचं राहिलं. नाचणी किंवा गहू आजच रात्री भिजत घाला. उद्या पसरट थाळीत मातीचा थर देऊन वर दाट पेरा, दोन दिवस ओल्या फडक्याने झाकून अंधारात ठेवा, मग उजेडात आणा आणि रोज नुसतं पाणी शिंपडा. नाताळपर्यंत बोटभर पोपटी शेत तयार होतं. सण झाल्यावर कोंबड्यांना घाला.

आणि दिवाळीत शेजाऱ्यांकडून आलेला डबा अजून तुमच्या मांडणीवर असेल, तर तो आता शोधून ठेवा. कुलकुल भरायला लागेल.