टाके निघाले, पुढं काय?



मूल, सावली, सिंदेवाही हा आपला धानाचा पट्टा. रोवणीच्या दिवसांत माणसं दिवसभर बांधीतल्या चिखलात उभी असतात. पायाची जखम कोणी मनावर घेत नाही. लहानपणी भाजलेल्या पायाचा व्रण कधी पंचवीस-तीस वर्षांनी फुटतो, चिघळतो, महिनोन्‌महिने भरत नाही. अशा व्रणात त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. जुन्या चट्ट्यांवर उगवणाऱ्या या जखमांचं वर्णन फ्रेंच शल्यचिकित्सक मार्जोलिन यांनी १८२८ मध्ये केलं होतं. सावळ्या कातडीला हा रोग होतच नाही, हा समज खरा नाही. तो कमी होतो, एवढंच.

माझ्या एका रुग्ण बाईंची नागपूरला शस्त्रक्रिया झाली. टाके निघाले, जखम भरली. तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं होतं, पण तेव्हा नेमकी रोवणी. "काहीच दुखत नाही, त कायले जाऊ?" असं त्यांचं म्हणणं. पुढं त्या तापासाठी माझ्याकडे आल्या. मी गोळ्या दिल्या, जांघ तपासली नाही. दोन महिन्यांनी त्याच म्हणाल्या, "जांघीत अवधाण आलं जी." गाठ टणक होती, दुखत नव्हती. रोग तिथवर पोचला होता. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. आज त्या हिंडतात-फिरतात; पण ते दोन महिने माझ्या हातून गेले, हे मी विसरलेलो नाही.

हा रोग उलटतो तो बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत. म्हणून त्या काळात दर तीन महिन्यांनी आणि पुढं काही वर्षं सहा महिन्यांनी तपासणी हवी. नागपूरला दर वेळी जाणं जमलं नाही, तरी गावच्या डॉक्टरला दाखवणं जमतं. त्याला यंत्र लागत नाही. जुना व्रण बोटांनी चाचपायचा. रोग पायाला असेल तर जांघ, हाताला असेल तर काख, चेहऱ्याला असेल तर मान बघायची. तळपायासकट सगळी कातडी उजेडात पाहायची. पाच मिनिटांचं काम आहे. व्रण पुन्हा फुटला, त्याची कड जाड झाली किंवा टणक गाठ लागली, तर औषधांवर औषधं न देता सरळ मोठ्या रुग्णालयात पाठवायचं.

आणि तुमच्यासाठी एकच विनंती. नागपूरची फाईल पेटीत ठेवू नका. साध्या सर्दी-तापासाठी आलात तरी ती टेबलावर ठेवा. डॉक्टर विसरले, तर तुम्हीच म्हणा, "साहेब, जांघ बघा." त्यात संकोच कसला?