छविच्छेद आणि करुणा : पाळीव प्राण्यांच्या नसबंदीविषयी श्रावकाचा विचार



कोराडी म्हटले की महालक्ष्मी जगदंबेचे मंदिर, विस्तीर्ण तलाव आणि औष्णिक विद्युत केंद्राची धुराडी डोळ्यांसमोर उभी राहतात. याच परिसरातील एका जैन कुटुंबात काही वर्षांपूर्वी एक कुत्री आश्रयास आली. पावसाळ्याच्या एका रात्री ओट्यावर कुडकुडत बसलेले ते पिल्लू घरातील लहानग्यांनी आत आणले. पाहता पाहता ते घरचेच झाले. सूर्यास्तापूर्वीचे भोजन आटोपले की तिलाही तिच्या वाट्याचे दूध-पोळी मिळे. आजीबाई सामायिकाला बसल्या की ती दाराशी मुकाट्याने पडून राही.

वर्ष होत आले तेव्हा पशुवैद्यांनी तिची नसबंदी करून घेण्याचा सल्ला दिला आणि घरात मतभेद उत्पन्न झाला. मुलगा आणि सून यांना सल्ला पटला. आजीबाईंना मात्र तो रुचला नाही. त्यांचा प्रश्न साधा होता : "ज्या मुक्या जिवाने विश्वासाने या घरात पाऊल टाकले, त्याच्या निरोगी देहावर शस्त्र चालवण्याचा अधिकार कोणी दिला?"

हा प्रश्न भाबडा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. त्यामागे दीर्घ परंपरा उभी आहे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. छविच्छेद म्हणजे प्राण्याचे अवयव छेदणे. श्वेतांबर परंपरेत श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांमध्ये 'निर्लांछन कर्म' येते. बैल खच्ची करणे, नाक टोचणे, डाग देणे असे व्यवसाय त्यात मोडतात. आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात या कर्मादानांचे विवेचन केले आहे. विदर्भातील शेतकऱ्यांमध्ये गोऱ्हे बडवण्याची रीत जुनी आहे. त्या धंद्यापासून जैन गृहस्थ दूर राहिला तो याच शिकवणीमुळे. आजीबाईंच्या मनातील खळबळ म्हणजे अनेक पिढ्यांचे संस्कार होते.

परंतु याच पाच अतिचारांची यादी दुसऱ्या बाजूनेही वाचावी लागते. कुत्री साधारणतः वर्षातून दोनदा माजावर येते. प्रत्येक वेळी सुमारे तीन आठवडे तिला कोंडून वा बांधून ठेवावे तर तो बंध होतो. मोकळी सोडावी तर सुमारे 63 दिवसांनी पिल्ले होतात. एका वेतात चार-सहा, कधी त्याहून अधिक. सर्वांना घर मिळत नाही. उरलेली पिल्ले रस्त्यावर येतात. त्यांतील कित्येक उपाशी मरतात, हा अन्नपाननिरोधच. कित्येक अवजड वाहनांखाली सापडतात. शस्त्र हाती न घेणारा गृहस्थ या मृत्यूंपासून पूर्णतः अलिप्त राहिला, असे म्हणता येईल काय? त्याच्या हाताला रक्त लागले नाही इतकेच.

इतिहासही येथे मार्गदर्शक ठरतो. 1832 साली मुंबईत इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालवली. तिच्याविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि हिंदू-जैन व्यापाऱ्यांनीही त्याला साथ दिली. पुढे 1834 साली सर जमशेटजी जीजीभाई आणि जैन श्रेष्ठी मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. तरीही शहरोशहरी भटकी कुत्री मारण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालू होती. 2001 साली केंद्र शासनाने श्वानांच्या जन्मनियंत्रणाचे नियम केले आणि मारण्याऐवजी नसबंदी व रेबीज-प्रतिबंधक लस हा मार्ग स्वीकारला. 2023 साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. त्यांत पाळीव प्राण्याचे लसीकरण आणि नसबंदी ही पालकाची जबाबदारी मानली आहे. म्हणजे ज्या शस्त्रक्रियेविषयी श्रावकाचे मन कचरते, तिनेच असंख्य मुक्या जिवांचा वध थांबवला, हेही तितकेच सत्य आहे.

वैद्यकशास्त्रही काही सांगते. वेळेवर नसबंदी झालेल्या मादीला गर्भाशयात पू होण्याचा प्राणघातक विकार सहसा होत नाही. स्तनांच्या गाठींचा धोकाही कमी होतो. शस्त्रक्रिया भूल देऊन केली जाते. तथापि भूल आणि शस्त्रक्रिया यांत थोडा धोका असतोच, आणि मातृत्वाची वाट कायमची बंद होते. हे नाकारून मनाची समजूत घालणे प्रामाणिकपणाचे नव्हे.

त्या कुटुंबात चर्चा लांबली आणि दरम्यान कुत्री गाभण राहिली. आता प्रश्न अधिक कठीण झाला. त्या अवस्थेत शस्त्रक्रिया केली असती तर गर्भातील पंचेंद्रिय जिवांचा घात झाला असता. येथे मात्र घरातील सर्वांचे एकमत झाले. प्रसूती होऊ दिली. पाच पिल्ले झाली. चार पिल्लांना ओळखीची घरे शोधून दिली, एक घरीच राहिले. आईचे दूध आटल्यावर, पशुवैद्यांकडून तपासणी करून, तिची नसबंदी झाली. जखम भरेपर्यंत आजीबाईंनी रात्री तिच्याजवळच अंथरूण टाकले. सायंकाळच्या प्रतिक्रमणात छविच्छेदाचे नाव आले तेव्हा त्यांचा स्वर कापला, आणि 'मिच्छामि दुक्कडम्' त्या दोनदा म्हणाल्या.

या प्रसंगात जैन गृहस्थाने घ्यावा असा बोध आहे. हिंसेचे मूळ प्रमादात आहे, असे शास्त्र सांगते. पैशाच्या लोभाने किंवा गैरसोय टाळण्यासाठी निष्काळजीपणे केलेला छेद आणि पुढील अनेक जिवांची दुर्दशा टाळण्यासाठी जड अंतःकरणाने, पूर्ण काळजीने घेतलेला निर्णय यांची तुलना होऊ शकत नाही. पण भाव शुद्ध आहे म्हणून वेदना शून्य होत नाही. तिची नोंद वहीत खर्चाच्या बाजूलाच करावी लागते.

म्हणून प्राणी घरी आणण्यापूर्वीच हा विचार व्हावा. कापड फाडण्यापूर्वी दोनदा मोजावे, हा पेढीवरचा नियम येथेही लागू आहे. निर्णय लांबवू नये, कारण विलंबाची किंमत पिल्ले मोजतात. मादी गाभण नाही याची खात्री करून घ्यावी. निष्णात पशुवैद्याकडेच जावे, शस्त्रक्रियेनंतर सेवा करावी, आणि ज्याचे मन तयार होत नाही त्याने होणाऱ्या प्रत्येक पिल्लाच्या पोषणाचा भार स्वतः उचलावा. शस्त्रक्रिया नको आणि पिल्लेही नकोत, असा सोयीचा मार्ग अहिंसेत नाही.

आजीबाईंचा संकोच आणि मुला-सुनेचा निश्चय, दोन्हींचा उगम एकाच करुणेत होता. घराघरांत या दोहोंना स्थान राहो.

जय जिनेंद्र!