बंद पडलेल्या धंद्याची वही

मोबाईलवरून चटणी, पापड विकायला गटानं सुरुवात केली, नि दोन-तीन महिन्यांत काम थांबलं, असं बऱ्याच ठिकाणी होतं. मग घरचे म्हणतात, "हे तुमचं काम नव्हे." पण वही फेकू नका. ती उघडून तीन गोष्टी तपासा.

पहिली, हिशोब. समजा, पाव किलो शेंगदाणा चटणी १०० रुपयांना विकली. माल ६०, पिशवी-खोका १०, कुरिअर ५०. म्हणजे विक्री झाली, तरी २० रुपये पदरचे गेले! कुरिअरचा दर वजनाच्या टप्प्यानं वाढतो. म्हणून दोन-चार पाकिटं एकाच खोक्यात पाठवा, आणि पाठवणावळ गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

दुसरी, तक्रारी. पापड मोडले, तेल गळलं, की माल उशिरा पोचला? प्रत्येक तक्रारीपुढे कारण लिहा. तेच कारण पुन्हा पुन्हा दिसलं, तर आधी ते दुरुस्त करा.

तिसरी, पैसे. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन टाकायला सांगणारा गिऱ्हाईक नसतो, ठग असतो. नुसता स्क्रीनशॉट पाहून माल पाठवू नका, खात्यात जमा झालेली रक्कम बघा. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करा.

पुढच्या बैठकीत ही वही मोठ्यानं वाचा. कुणा एकीवर खापर फोडायला नव्हे, तर गळती कुठं झाली ते सगळ्यांना कळायला. ती बुजवा, मगच नवं कर्ज काढायचं बघा.