वरसईची कावड

घरात मंगलकार्य निघाले की आनंदामागोमाग कर्जही उंबरठा ओलांडून आत येते. पेणजवळच्या वरसई गावी गोडसे भटजींच्या घरी असेच कर्ज साचले होते. ते फेडावे या हेतूने १८५७ साली विष्णुभट गोडसे आपले काका रामभट यांच्यासह उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, ही आशा. पण वाटेतच बंडाची वार्ता कानी आली आणि दक्षिणेसाठी निघालेले भिक्षुक रणधुमाळीत सापडले.

पुढे झाशीत त्यांना राणी लक्ष्मीबाईंचा आश्रय लाभला. जगाला ठाऊक आहे ती राणी समरांगणावरील. विष्णुभटांनी पाहिली ती नित्याच्या व्यवहारातलीही. घोड्यांची पारख करावी ती बाईसाहेबांनीच! लग्नाला पैसा नाही म्हणून आलेल्या एका विधुर ब्राह्मणाला त्यांनी द्रव्य दिले आणि कुंकुमपत्रिका पाठवावयास विसरू नका, असे हसून बजावले. लग्नाच्या खर्चाचे ओझे भटजींनाही अपरिचित नव्हते.

एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोझची फौज शहरात शिरली. कत्तल आणि आगी यांतून भटजी वाचले. मिळकत मात्र प्रवासात लुटली गेली. घरी परतले ते गंगोदकाची कावड घेऊन.

पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी आठवणी लिहिल्या; ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाला. वरसईच्या घराला जे धन लाभले नाही, ते असे मराठी भाषेच्या पदरी पडले.