जबड्याचं हाड भरतंय का? सोनोग्राफीला विचारा!

आजचा विषय सोनोग्राफी. पण पोटाची नाही, जबड्याची.

माझा मावसभाऊ घाटकोपरला राहतो. लहानपणी हनुवटीवर पडला, कानाजवळचा सांधा आखडला आणि खालचा जबडा वाढलाच नाही. झोपेत श्वास अडकायचा. शेवटी ऑपरेशन झालं. जबड्याचं हाड कापून दोन तुकड्यांना जोडणारं स्क्रूचं यंत्र बसवलं. काही दिवसांनी स्क्रू फिरवायला सुरुवात. फट रोज साधारण 1 मिलिमीटर वाढवायची, म्हणजे मध्ये नवं हाड तयार होतं. हात-पायांच्या हाडांसाठी ही पद्धत सोव्हिएत काळात डॉ. इलिझारोव्ह यांनी विकसित केली. माणसाच्या जबड्यावरचा अनुभव न्यूयॉर्कच्या डॉ. मॅकार्थी यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केला.

पुढे एक्स-रे काढला, तर फट काळीच! भाऊ रडवेला. "ताई, हाड येतच नाहीये गं."

येत होतं. पण एक्स-रेवर पांढरं दिसायला पुरेसं कॅल्शियम साठावं लागतं. कोवळं हाड त्यात दिसत नाही.

सोनोग्राफीला ते आधी दिसतं. आपल्याला 20 किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज ऐकू येतो, हा काही मेगाहर्ट्झचा. फट मऊ असताना तो आत शिरतो. हाड धरू लागलं की प्रतिध्वनी येतात आणि स्क्रीनवर पांढरे ठिपके उमटतात. मग ते ठिपके जुळतात, आणि शेवटी वरचा थर इतका पक्का होतो की आवाज आत जातच नाही. रेडिएशन नाही, त्यामुळे तपासणी पुन्हा पुन्हा करता येते.

मर्यादाही आहे. वरचा थर पक्का झाला की आतलं दिसत नाही. यंत्र घाईने काढलं तर नवं हाड वाकू शकतं. म्हणून काढण्याआधी एक्स-रे किंवा सीटी लागू शकतो.

मग हे मशीन दातांच्या दवाखान्यात सहसा का दिसत नाही? एक कारण कायदा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने 1988 मध्ये कायदा केला, देशाने 1994 मध्ये. सोनोग्राफी मशीन नोंदणी केलेल्या जागीच ठेवता येतं. 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही' हा बोर्ड आठवतोय ना? त्याच सेंटरमध्ये आम्ही चिठ्ठी घेऊन गेलो. मुली वाचवायला केलेला कायदा आहे, तेवढी फेरी मला मान्य आहे.

स्क्रीनवर पांढरे ठिपके दिसले. भाऊ म्हणाला, "म्हणजे वाया नाही गेलं!"

तुमच्या घरी कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना एवढंच विचारा: "सोनोग्राफीने बघता येईल का?"

भेटू पुढच्या भागात!