मुळाचे टोक आणि पेशीची भिंत

गुरुवर्यांच्या स्मृतीला वाहिलेल्या या व्यासपीठावरून मी आज एका लहानशा गोष्टीविषयी बोलणार आहे. ती म्हणजे रुजणाऱ्या दाण्याच्या मुळाचे टोक. आपल्या बेळगाव परिसरातील काळ्या रानात शाळू पेरला जातो तो सरत्या पावसाच्या ओलीवर. वरचा थर दिवसेंदिवस सुकतो आणि ओल खाली जाते. कोवळ्या मुळाने ती गाठली तर रोप तगते. न गाठली तर दुबार पेरणीपुरतीही ओल उरत नाही.

मूळ सर्व लांबीभर वाढत नाही. एकोणिसाव्या शतकात यूलियस साक्स या जर्मन शास्त्रज्ञाने मुळावर शाईच्या खुणा करून पाहिले, तेव्हा टोकाजवळच्याच खुणा परस्परांपासून दूर गेल्या. तेथील पेशी पाणी शोषून फुगतात. मक्याच्या मुळात हा आतील दाब मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या दुप्पट-तिप्पट असतो. तो तोलून धरते पेशीभित्ती. तिच्यातील सेल्युलोजचे धागे पिंपाच्या कड्यांसारखे आडवे वेढलेले असतात; म्हणून पेशी रुंद न होता लांबते. 1965 मध्ये लॉकहार्ट यांनी हा व्यवहार गणितात मांडला. वाढीचा वेग आतील दाबावर अवलंबून असतो, तितकाच भित्तीच्या सैल होण्यावरही.

या दुसऱ्या घटकाचे मोल अवर्षणात कळते. अमेरिकेत शार्प, सिल्क व शियाओ यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मक्याच्या रोपांना पाण्याची तीव्र टंचाई दिली. मुळाचा वाढता पट्टा आखूड झाला. परंतु अगदी टोकाचे पहिले काही मिलिमीटर पूर्वीच्याच वेगाने लांबत राहिले. 1991 मध्ये स्पोलन व शार्प यांनी तेथील पेशींचा दाब मोजला, तो निम्म्याहून अधिक घटलेला होता. दाब घटूनही वेग टिकला, याचा अर्थ भित्तीच अधिक सैल झाली होती. 1992 मध्ये कॉसग्रोव्ह यांच्या प्रयोगशाळेने काकडीच्या रोपांतून ‘एक्स्पान्सिन’ ही प्रथिने वेगळी केली. ती धागे तोडत नाहीत, धाग्यांमधील पकड ढिली करतात. टंचाईतील मक्याच्या मूलाग्रात त्यांचे कार्य वाढते, हे 1996 मध्ये दिसून आले.

मक्याचे आकडे शाळूला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. बोध मात्र स्पष्ट आहे. मूळ आपली भिंत सैल करू शकते, घट्ट झालेली जमीन नव्हे. वाफसा येण्यापूर्वी रानात औत किंवा ट्रॅक्टर घातला, तर दाबलेल्या मातीत या नाजूक टोकाला दुहेरी झुंज द्यावी लागते: एक कोरडेपणाशी, दुसरी कठीणपणाशी.

विद्यार्थ्यांनी टीपकागद, मक्याचे चार दाणे आणि शाई घेऊन साक्सचा प्रयोग स्वतः करावा. एका मुळाला भरपूर पाणी द्यावे, दुसऱ्याला बेताचे, आणि खुणांमधील अंतर रोज वहीत नोंदवावे.