१८४६ चं मीम: ग्रह कुणी कॉपी केला?

आज एका मीमबद्दल बोलू. हे मीम १८४६ सालचं आहे, पॅरिसमधलं.

‘इलुस्त्रास्याँ’ या साप्ताहिकात नोव्हेंबरमध्ये कॅम नावाच्या व्यंगचित्रकाराचं चित्र आलं. इंग्लिश गणिती जॉन अ‍ॅडम्स दुर्बिणीला डोळा लावून उभा आहे. पण दुर्बीण आकाशाकडे नाही, थेट फ्रान्सकडे! तिथे ल व्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाचे कागद उघडे आहेत. नवा ग्रह अ‍ॅडम्सला सापडला तो त्या कागदांत. थोडक्यात, कॉपी.

झालं होतं असं. युरेनस गणितानं सांगितलेल्या जागी दिसत नव्हता. बग कुठे? ल व्हेरिएनं हिशोब मांडला: पलीकडे आणखी एक ग्रह ओढतोय. त्यानं जागा कळवली आणि २३ सप्टेंबरला बर्लिनमध्ये गाल यानं पहिल्याच रात्री ग्रह शोधला. फरक एका अंशाहून कमी!

मग इंग्लंडमधून आवाज आला, आमच्या अ‍ॅडम्सनं हे आधीच काढलं होतं. फ्रेंच लोक भडकले आणि हे चित्र आलं.

पण अ‍ॅडम्सनं खरंच चोरी केली होती का? नाही. १८४५ मध्येच तो ग्रीनिचला आपलं उत्तर ठेवून आला होता. तिथल्या एअरीनं पत्रातून एक शंका विचारली, अ‍ॅडम्सनं उत्तर दिलं नाही, विषय तिथेच राहिला. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड लिहिला, पण पुश केलाच नाही. ज्यानं जाहीर केलं त्याला श्रेय, हे बरोबरच. पण जाहीर न करणं म्हणजे चोरी नव्हे. मीममध्ये हा फरक मावत नाही, आणि लक्षात मीमच राहतं.

गंमत म्हणजे १८४७ मध्ये ते दोघं इंग्लंडमध्ये भेटले आणि त्यांचं छान जमलं. भांडत होते ते बाकीचे.

आता नावाचा किस्सा. फ्रान्समध्ये आरागोनं हट्ट धरला, ग्रहाचं नाव ‘ल व्हेरिए’च ठेवायचं. युरेनसलाही शोधणाऱ्या हर्शेलचं नाव द्या, असा फ्रेंचांचा आग्रह. जगानं ऐकलं नाही. जिंकला रोमन समुद्रदेव नेपच्यून.

पण घरातली पत्रिका उघडून बघा. नेपच्यूनच्या जोडीला काय लिहिलंय? हर्षल! म्हणजेच हर्शेल. फ्रेंचांना जगात चालवता आलं नाही, ते नाव आपल्याकडे आजही चालतंय.

पुढच्या वेळी ‘कॉपी केलं’ असं मीम आलं, तर फॉरवर्ड करण्याआधी तारखा बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!